योगाचे जगास होणारे फायदे आणि गच्चीवरचे बिबडे

जळगाव,
बुद्धपौर्णिमेनंतरचा गुरुवार

आदरणीय सुकदेवभाऊ यांस,
धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे पितांबरचा, सविनय जयभीम.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. ('आम्ही' म्हणजे सध्या मी एकटाच, पण पाटबंधारे खात्यात आयुष्य गेल्यामुळे एकट्यानं केलेल्या गोष्टीलाही 'आम्ही' लिहायची सवय लागली आहे.) तिकडे वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला गेला का? रानात नांगरटी उरकली का? उन्हाचं विचारत नाही. इकडे दुपारी नळाला हात लावला तर चहाचं पाणी वेगळं तापवावं लागत नाही, तिकडेही तेच असणार. पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल, कारण हल्ली पत्र फक्त बँक पाठवते. पण मी फोन केला की तुम्ही उचलता, मागून 'कोन शे?' असा ओळखीचा आवाज येतो आणि लगेच तुमच्याकडची रेंज जाते. परवा तर तुम्ही 'रेंज नई' असं मला स्पष्ट ऐकू येईल अशा रेंजमध्ये सांगितलंत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बहिणीला भावाचाच आधार असतो.

सविता तुमच्याकडे आली आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती का आली हे तिनं तुम्हाला तिच्या परीनं सांगितलं असेलच. आता पावसाळा माहेरीच काढते, असं तिनं आमच्या प्राचीला नाशिकला फोन करून कळवलं आहे. प्राचीनं ते मला कळवलं, आणि वर 'पप्पा, तुम्ही पण ना' एवढंच म्हणून फोन ठेवला. तर ते असो. हे पत्र त्याबद्दल नाही. योगाचे व्यक्तीस व जगास होणारे फायदे, हा या पत्राचा विषय आहे. तुम्ही मोठे आहात, गावात चार माणसं तुमचं ऐकतात, तेव्हा ही माहिती तुमच्यापर्यंत पोचावी असं मला बरेच दिवस वाटत होतं.

तुम्हाला ठाऊक आहे की निवृत्त झाल्यावर माझा रक्तदाब, साखर आणि चिडचिड हे तिन्ही एकदम वाढलं. ऑफिसात असताना चिडायला माणसं होती, घरी एकटी सविता. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या आणि योग करा. मी आधी फक्त गोळ्या घेतल्या. मग प्राचीनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. त्यात एक सडपातळ बाई पाय मानेमागे घालून हसत असते. ती का हसते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून मी धुळ्याला एका निवासी शिबिरालाच गेलो. तिथले गुरुजी फार मोठा माणूस. पहाटे उठवायचे, दुधीचा रस पाजायचे आणि म्हणायचे, "रस कडू आहे असं म्हणू नका. रस आहे, एवढंच म्हणा." याला साक्षीभाव म्हणतात. जे होतंय ते लांबून बघायचं, त्यात अडकायचं नाही. मला हे एकदम पटलं, कारण खात्यात आम्ही कालव्याच्या गळतीकडे वर्षानुवर्षं याच भावानं बघत आलो होतो. फक्त त्याला एवढं चांगलं नाव आहे हे माहीत नव्हतं.

शिबिराहून परत आलो तो मी वेगळाच माणूस होऊन. (हे सविताचंही मत होतं, पण तिचा सूर वेगळा होता.) आपण शिकलो ते आपल्यापुरतं ठेवायचं नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलंय. म्हणून विहाराच्या अंगणात रोज पहाटे वर्ग सुरू केला. सुरुवातीला थोडी कुरकुर झाली. हे सूर्यनमस्कार वगैरे आपल्यात कुठून आले, असं एका काकांनी विचारलं. मी म्हटलं, काका, रविवारी याच विहारात आपण डोळे मिटून श्वास बघत बसतो ना, मग सोमवारी हात वर करून श्वास घेतला तर बिघडलं कुठं? श्वास काही कुणाच्या बापाचा नाही. काका म्हणाले, ते ठीक आहे, पण मी बसूनच करणार. आता ते रोज येतात, भिंतीला टेकून बसतात आणि आमच्या चुका काढतात. योगाचा हाही एक प्रकार असावा.

आता फायदे सांगतो. आमच्या शेजारचे मोतीलालभाऊ, पोलिसातून निवृत्त झालेले, यांचा राग अख्ख्या कॉलनीला माहीत. गल्लीत पोरांचा चेंडू त्यांच्या फाटकाला लागला की ते बाहेर येऊन ओरडायचे आणि चार शब्दांत त्यांना दम लागायचा. भस्त्रिका सुरू केल्यापासून ते आधी खोल श्वास घेतात, पोटात धरतात आणि मगच ओरडतात. आवाज आता पार रिंग रोडपर्यंत जातो, आणि दम लागत नाही. प्रकृतीत एवढा फरक औषधानं पडला नसता. झुलालभाऊ एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांना निवृत्तीनंतर झोप म्हणून लागत नव्हती. ते आता शवासनात पहिल्या मिनिटाला झोपतात. झोपेत त्यांचा उजवा पाय मधूनच ब्रेक दाबतो, म्हणून त्यांच्या पायाशी कुणी मॅट टाकत नाही, पण घोरणं एकदम निरोगी. तोतारामभाऊ शिंपी, जन्मभर मशीनवर वाकलेले. त्यांची पाठ सरळ झाली आणि त्यामुळे त्यांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या दुकानाच्या पाटीवर नाव चुकलेलं आहे.

हे झाले व्यक्तीस फायदे. जगास फायदे असे, की माणूस शांत झाला की घर शांत होतं. घर शांत झालं की गल्ली, गल्ली शांत झाली की जळगाव, मग धुळे, मग नाशिक विभाग, आणि असं करत करत सगळं जग. टीव्हीवर रोज लढाया दाखवतात. मला खरंच वाटतं, की ते जे कोण मोठमोठे साहेब बॉम्ब टाकायचा हुकूम देतात, त्यांना हुकूम देण्याआधी नुसतं दोन्ही नाकपुड्यांनी आळीपाळीनं श्वास घ्यायला लावलं, तरी निम्म्या लढाया होणार नाहीत. निदान उशिरा होतील. तुम्ही हसाल, पण मी हे सगळ्यांना सांगत होतो आणि लोक माना डोलवत होते. घरीही सांगायचो. सविता भाजी निवडत ऐकायची आणि म्हणायची, "जगनं नंतर देखू, आधी गॅसनी टाकी बदली द्या." मी टाकी बदलायचो. पण मनातल्या मनात म्हणायचो, हिला अजून वेळ लागेल.

आता गच्चीचा प्रसंग सांगतो. तो विषयाला धरूनच आहे.

विहाराच्या अंगणात नवी फरशी बसवायचं काम निघालं. वर्ग बंद ठेवणं मला पटेना, कारण गुरुजी म्हणाले होते, की साधनेत खंड पडला तर मागचं सगळं वाया जातं. म्हणून मी आदल्या संध्याकाळी जाहीर केलं, की उद्यापासून वर्ग माझ्या गच्चीवर. मोतीलालला सांगितलं, झुलालला सांगितलं, तोतारामला सांगितलं, काकांना सांगितलं, ग्रुपवर टाकलं. सविताला सांगायचं राहिलं. मुद्दाम नाही, भाऊ. घरातल्या माणसाला सांगायला कुठे ग्रुप असतो? तिनं मात्र मला सांगितलं होतं, जेवताना, की उद्या आपल्या घरचे बिबडे आहेत. मी त्या वेळी सावकाश चावून जेवत होतो. (घास चावताना फक्त घासाकडे लक्ष द्यायचं, ही धुळ्याची शिकवण.) त्यामुळे ते कानावरून गेलं.

तुम्हाला बिबड्यांचं काय सांगायचं? आमच्या गल्लीतल्या सहा बायका हे वर्षभराचे ज्वारीचे पापड उन्हाळ्यात एकमेकींच्या घरी आळीपाळीनं जाऊन करतात. या वर्षी बाकी पाच घरांचे झाले होते, आमचंच राहिलं होतं. सवितानं ज्वारी भिजवून, वाळवून, दळून आणून, पीठ आंबवून ठेवलं होतं. अंधारातच सगळ्या जमल्या, मागच्या अंगणात चूल पेटवून लसूण, तीळ, मिरची घातलेला घाटा शिजवला, आणि गच्चीवर ओल्या साड्या अंथरून त्यावर पहिल्या पातेल्याचे बिबडे थापून दुसरं पातेलं उतरवायला खाली गेल्या. मी त्या वेळी पुढच्या खोलीत कानात बोळे घालून ध्यानाला बसलो होतो. मग बाहेरच्या जिन्यानं आमची मंडळी वर चढली. वीज गेलेली होती आणि उजाडायला अवकाश होता.

वर बघतो तर गच्चीभर सरळ रांगेत साड्या अंथरलेल्या. माझा ऊर भरून आला. मला वाटलं, बाईनं कुठूनतरी ऐकलं, आणि उशिरा का होईना तिला योगाचं महत्त्व पटलं. मी मंडळींना म्हटलंसुद्धा, "बघा, घरची साथ असली की असं होतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साड्या ओल्या आणि गार लागत होत्या, पण वैशाखात जळगावला गच्चीवर ओली चादर अंथरून कोण झोपत नाही? आम्ही लहानपणापासून तसेच झोपलोय. साडीखाली काहीतरी गुळगुळीत, कोमट लागत होतं, ते मला वाटलं कालच्या उन्हानं तापलेला डांबराचा थर असेल. (ते साडीखाली नव्हतं, वर होतं, हे अंधारात कसं कळणार?) आम्ही आडवे झालो. पवनमुक्तासन झालं. मग कुशीवर वळून सगळे पोटावर आले, आणि भुजंगासन सुरू केलं.

भुजंगासनात आधी कपाळ जमिनीला टेकवतात हे तुम्हाला माहीत नसेल. मोतीलालभाऊंनी कपाळ टेकवलं, नाक टेकलं, आणि म्हणाले, "पितांबर, तुन्ही गच्चीले लसूनना वास येस रे." मी म्हटलं, वास आहे एवढंच म्हणा. तोतारामभाऊ म्हणाले, "माले त तीळ बी लागनात." मी म्हटलं, चवीत अडकू नका, मौन पाळा. त्यांनी मौन पाळलं, पण तोंड हलल्याचा आवाज येत होता. झुलालभाऊ पोटावरच झोपले होते. त्यांचा पाय नेहमीप्रमाणे ब्रेक दाबत होता, आणि त्या पायाखाली, हे नंतर कळलं, तुमच्या डब्यातले बिबडे होते. दरवर्षी सविता कडेची रांग तुमच्यासाठी वेगळी थापते, थोड्या जास्त मिरचीची.

शेवटी मी सगळ्यांना पाठीवर आणून शवासन सांगितलं. तेवढ्यात उजाडलं आणि सविता दुसरं पातेलं घेऊन वर आली. मागे केसरबाई (मोतीलालच्या घरच्या) आणि बाकीच्या बायका. मला पावलं ऐकू आली, पण मी डोळे उघडले नाहीत. शिक्षकानंच आसन मोडलं तर शिष्यांनी काय शिकायचं? मग केसरबाई म्हणाल्या, "या मानसेस्नी बठ्ठा बिबडा चेंदी टाकात वं माय!" आणि त्यानंतर सविताचा आवाज आला, अगदी हळू, "प्राचीना पप्पा, हाई काय शे?"

भाऊ, तुम्हाला सविता ठाऊक आहे. ती चिडली की शिंदखेड्याला तुमच्याकडे जाते, आधी तोंडी आणि मग पॅसेंजरनं. आजपर्यंत तोंडीच भागलं होतं. त्यामुळे हळू आवाज ऐकून मला वाटलं, ती शांत आहे. हीच वेळ आहे, असं मला वाटलं. मी आडव्या आडव्याच, डोळे मिटून, गुरुजींच्या आवाजात म्हणालो, "सविता, साक्षीभावानं बघ. श्वासाकडे लक्ष दे."

पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "तुम्ही श्वास ल्या. मी गाडी धरस." आणि ती गेली. मी मंडळींना नीट बाहेर आणून (शवासनातून एकदम उठू नये) खाली आलो तोवर रिक्षा वळणावर पोचली होती. माझ्या पाठीवर तेव्हा संबंध बिबडा चिकटलेला होता, हे काकांनी दाखवलं. ते भिंतीशी बसले असल्यामुळे एकटेच कोरडे होते.

त्यानंतरची परिस्थिती अशी. गल्लीत सध्या संपूर्ण शांतता आहे. सहा घरांत नवऱ्यांशी कुणी बोलत नाही. मोतीलालभाऊंना ओरडायला कारण उरलेलं नाही, कारण केसरबाई उत्तरच देत नाहीत आणि पोरं त्यांच्या फाटकाकडे बघून दुसरीकडून जातात. दुसऱ्या पातेल्यातला घाटा बायकांनी तिथेच गच्चीवर कच्चं तेल घालून खाल्ला, आम्हाला कुणी विचारलं नाही. वर्गाची उपस्थिती मात्र वाढली आहे, कारण घरी बसून तरी काय करणार? आम्ही रोज पहाटे फरशीच्या ढिगाऱ्याशेजारी बसून श्वास घेतो आणि सोडतो. कुणाच्या तोंडावर शांती दिसत नाही. मी त्यांना सांगतो, हे सगळं साक्षीभावानं बघा. परवा तोतारामभाऊ म्हणाले, "बघी राहिनूत, भाऊ. पन उपाशी बघी राहिनूत."

डॉक्टरांकडे गेलो होतो. रक्तदाब वाढला आहे. ते म्हणाले, योग बंद केला का? मी म्हटलं, योग चालू आहे, सविता बंद आहे. ते हसले, पण मी विनोद केला नव्हता. घरात दुपारी पंखा फिरतो आणि दुसरा कसला आवाज नसतो. मला वाटायचं, मला शांतता आवडते. आता कळलं, की ती आत भांड्यांचा आवाज करत असायची म्हणून आवडायची. तरीपण मूळ मुद्दा खोटा ठरत नाही. योगानं व्यक्तीस व जगास फायदा होतोच. आमच्या बाबतीत व्यक्ती व जग यांच्या मध्ये घर लागलं, एवढंच.

वहिनींना जयभीम. लहानांना आशीर्वाद. गुडघ्यांसाठी वहिनींनी रोज सकाळी पाय सरळ ठेवून पंजे मागे-पुढे हलवावेत, हे मी खरंच मनापासून सांगतो.

आपला,
पितांबर

ता. क. – पत्राचा विषय योग हाच आहे. तरीपण सविता केव्हा येणार याचा सहज अंदाज मिळाला तर बरं होईल. मी विचारलं असं सांगू नका. दूध किती घ्यायचं ते ठरवता येत नाही, असं सांगा.

ता. क. २ – केसरबाईंनी गल्लीत जाहीर केलं आहे, की सविता येईपर्यंत कुणीही नवऱ्याशी बोलणार नाही. तेव्हा तुमच्या बहिणीच्या हातात सहा घरांची शांतता आहे. मी जगाचं म्हणत होतो, तर निदान गल्लीपासून सुरुवात होईल. मोतीलाल, झुलाल व तोताराम यांनी तुम्हाला हात जोडून सांगायला सांगितलं आहे. काकांचं काही म्हणणं नाही. त्यांच्या घरी सगळं ठीक आहे.

ता. क. ३ – काल मी एकट्यानं घाटा शिजवून पाहिला. तो तळाला लागला. जो वरचा होता तो थापायला गेलो तर बिबडे हाताला चिकटले, साडीला नाही. पीठ उरलं आहे. ती येणार नसेल तर रविवारच्या पॅसेंजरनं पीठ घेऊन मीच तिकडे येतो. तुमची गच्ची मोकळी ठेवा. मॅट आणणार नाही.

ता. क. ४ – भाऊ, पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. त्या दिवशी गच्चीवर ती हळू आवाजात बोलली ना, तेव्हाच मला कळलं होतं की काहीतरी फार वाईट झालंय. मी डोळे मिटून पडलो होतो ते साक्षीभावानं नाही. भीतीनं. डोळे उघडले की तिचा चेहरा बघावा लागला असता. बाकीचं पत्र तुम्ही ठेवा. हे एवढं तिला वाचून दाखवा.